अनवाणी पावलांचा पुरावा

वीस-बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लढाया लिहून पोट भरतेय. परदेशी वार्ताहर म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई रोज गोळ्या चुकवत धावते. खरं सांगायचं तर निम्मा वेळ परवान्याची वाट बघण्यात जातो आणि उरलेला फोनला रेंज शोधण्यात. घरी कोण काय करतं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं : "अलिबागच्या बाजूला वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे." ते खोटं नव्हतं. आबाचे दोन ट्रक आहेत. पण ट्रकच्या आधी तीस वर्षं तो खाडीवरच्या मिठागरात घोटाभर खाऱ्या पाण्यात उभा होता आणि माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या, एवढं मी गिळून टाकायचे. मुंबईच्या कॉलेजात एकीने माझ्या भेगाळलेल्या टाचांकडे बघून नाक मुरडलं होतं. तेवढं पुरलं मला.

ज्या देशात हे घडलं त्याचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात. एका सकाळी सैन्याने आम्हा पत्रकारांना बसमध्ये कोंबून समुद्रकाठी नेलं. शत्रूचा विषारी रसायनांचा कारखाना पकडलाय म्हणाले. उतरताच प्रत्येकाला मास्क चढवायला लावला आणि एका दोरीच्या अलीकडे उभं केलं. पलीकडे पांढरेशुभ्र ढीग. अधिकारी छाती काढून सांगत होता, की इथे काम करणारी अकरा माणसं कोठडीत आहेत आणि आठवड्याभरात लष्करी न्यायालय त्यांचा निकाल लावेल. तिथे निकाल म्हणजे गोळी, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

माझी नजर ढिगांवर ठरेना. मला बांध दिसत होते. एकातून दुसऱ्यात पाणी उतरत जाईल अशी चौकोनी कुंडं दिसत होती, भरतीचं पाणी आत घ्यायची लाकडी उघाडी दिसत होती, आणि बांधावर आडवी पडलेली मीठ ओढायची लांब दांड्याची फळी. मास्कच्या आत मला आधी हसूच फुटलं. इतकी शिकलीसवरली माणसं मिठाला भिऊन तोंडं बांधून उभी! मग ते अकरा जण आठवले आणि माझं डोकं सणकलं. मी मास्क काढून फेकला.

"हे मीठ आहे," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही रसायनतज्ज्ञ आहात का?" अधिकाऱ्याने विचारलं. तो डोंगरातला गडी, त्याने मीठ फक्त पुड्यात पाहिलेलं. दोरी ओलांडू देईना, म्हणून मी उभ्या जागेवरून मोठ्या लेन्सने दिसेल त्याचे फोटो काढले.

हे मीठ आहे असं कळवल्यावर दुपारी संपादकांचा फोन आला. "बाकीचे सगळे कारखाना म्हणताहेत आणि तू एकटी मीठ म्हणतेस. कशावरून?"

"मी मिठागरात वाढलेय."

बाहेरच्या माणसाला हे मी आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते. मग ते म्हणाले, "हा तुझा विश्वास झाला, पुरावा नाही. दोन तास देतो. नाहीतर सगळ्यांची आहे तीच बातमी आपणही लावू."

मी आबाला फोटो पाठवले. पाऊण तासाने त्याचा फोन आला.

"बाय, तो कडंचा रिकामा कुंड मोटा करून बग. जमीन तुडवलेली हाय का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मीठ पिकवायच्या आधी कुंडाची जमीन पायांनी तुडवतात. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून माणसं ओळीने उभी राहतात आणि दिवसचे दिवस टाच मारत पुढे सरकतात. तेव्हा कुठे ती इतकी घट्ट होते की पाणी जिरत नाही आणि मिठात चिखल येत नाही. लहानपणी मीही त्या ओळीत नाचले होते. आज बांध पाहिले, फळी पाहिली आणि नेमकी जमीनच बघायची राहिली. फोटो मोठा केला.

"हायेत, आबा! टाचा हायेत, बोटंसुद्धा, एका ओळीत!"

"मंग? इख बनवनारा मानूस त्यात अनवानी नाचंल का?"

बातमी त्याच वाक्याने सुरू केली. ते कुणाचं, तेही लिहिलं : रायगडच्या खाडीवर तीस वर्षं मीठ पिकवलेल्या माणसाचं, माझ्या वडिलांचं. पहिल्या दिवशी सैन्याच्या प्रवक्त्याने माझी टिंगल केली. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी आपापले फोटो मोठे करून पाहिले, तर पावलं सगळ्यांच्याच फोटोत होती! मग ओरड इतकी झाली की सैन्याला नमुना तपासायला द्यावा लागला. सहाव्या दिवशी कोठडीचं दार उघडलं आणि अकराच्या अकरा माणसं चालत बाहेर आली. मी फाटकापाशी उभी राहून भोकाड पसरून रडले, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याला दुभाष्याने सांगितलं, की ही मीठवाल्याची मुलगी. त्याचा विश्वास बसेना. मी बूट-मोजे काढून टाचा दाखवल्या. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्याने फडक्यात बांधून ओंजळभर मीठ आणून दिलं.

घरी परतताना मांडव्याच्या धक्क्यावर बोटीतून उतरले, तर आबा ट्रक घेऊनच आलेला. मी तिथल्या तिथे फडकं सोडलं. त्याने एक खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"जमीन चांगली तुडवलीय. चिखलाचा वास न्हाय." मग डोळे उघडून म्हणाला, "सुटली ना सगली?"

"सगली सुटली."

"मंग झाला तं!" म्हणत त्याने ट्रक चालू केला.

आता कुठल्याही देशात कुणी विचारलं, घरी काय करतात, तर मी आधी मिठागर सांगते आणि मग ट्रक. त्या दुपारी घरी जिताडा माशाचं कालवण होतं. ते मीठ मी माझ्या हाताने त्यात टाकलं आणि आबाने तीनदा भात मागून घेतला.