कन्यादानाचा पाट

मुलीचं लग्न ठरल्यावर मी आगाशीचा हॉल पसंत केला, कारण त्याला मागे वाडीकडे उघडणारं अंगण होतं. घरच्यांना वाटलं, मी जेवणावळीची सोय बघतेय. मी बाहेर पडायचे दरवाजे बघत होते.

मला झटके यायचे. छाती आवळायची, हात बधिर व्हायचे, आता मरणार अशी खात्रीच पटायची. डॉक्टरांनी पॅनिक डिसऑर्डर सांगितला. हृदय ठणठणीत निघालं, त्यामुळे लोकांना सांगण्यासारखं काही उरलं नाही. बोळिंजच्या आमच्या इमारतीत मी लिफ्ट सोडली. मग बँक सुटली, मग बाजार. दाराशी येईल ती भाजी आम्ही खायला लागलो.

लग्नात मला एकच गोष्ट जमवायची होती. कन्यादानाला नवऱ्याशेजारी पाटावर बसायचं. समोर धूर, चहूकडून माणसं, मध्येच उठायची सोय नाही. आमच्यात आधी मंगलाष्टकं होतात, कन्यादान मागाहून. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या आईने मांडवात थांबायचं नसतं, बाहेर तुळशीला पाणी घालायचं असतं. तेवढ्यात मोकळी हवा घ्यायची आणि आत जाऊन बसायचं, असं मी ठरवलं होतं.

झटका त्या मोकळ्या हवेतच आला. मी तुळशीचा कट्टा धरून खाली बसले.

नवऱ्याची मावशी आली. "अगं, सगळ्यांच्याच पोरी जातात! तुझी तर वसईलाच चाललीय, विलायतेला नाही. पूस डोळे."

डोळे कोरडे होते. श्वास पुरत नव्हता. ती पाठ थोपटत राहिली.

मग धाकटी जाऊ आली. तिला माझं दुखणं माहीत होतं.

"वहिनी, भटजी बोलावतायत. उठवतंय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"थोडं थांबवू त्यांना?"

"नको. तुम्ही दोघं बसा."

"अहो, पण भाऊजी..."

"बसा म्हटलं ना."

पाटावर जोडपं लागतं. त्यामुळे माझ्याबरोबर नवऱ्याचाही पाट गेला. दीर-जावेने कन्यादान केलं आणि मुलीचा बाप खांबाला टेकून उभा राहिला. हे मला जावेने नंतर सांगितलं. मी पाहिलं नाही.

निघताना मुलीने मला जवळ घेतलं. कानात म्हणाली, "आई, काकू बसली तेच बरं झालं. तू मध्येच उठली असतीस, तर सगळ्यांसमोर तमाशा झाला असता."

ती चिडून बोलली नव्हती. मला सांभाळूनच घेत होती. गाडीचं दार लागेपर्यंत मी हसतमुख उभी राहिले.

घरी आलो तरी नवरा सोवळ्यातच होता. सकाळी कन्यादानासाठी नेसलेलं, नवं कोरं.

"अहो, बदला आता," मी म्हटलं.

"बदलतो," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.