रंग छान आहे

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस फावल्या वेळात विणकाम करतो, हे ऐकून लोक हसायचे. हसोत बापडे! सिगरेट सुटावी, हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून मामांनी सुया धरल्या आणि फोनवरच्या विणकामाच्या ग्रुपमध्ये शिरले. तिथे लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत.

ग्रुपमधल्या आक्का म्हणजे निवृत्त नर्स. तोंडाने फटकळ, पण मायाळू. मामांना उलट टाका जमेना, तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो मामा, लोकर आहे ती, कुणाचा गळा नाही! सैल धरा की जरा." आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. असं कितीदा तरी.

थंडीच्या तोंडावर ग्रुपमध्ये एकमेकांना भेटी पाठवायची रीत होती. कुणी कुणाला पाठवायची ते ठरवून मिळे. नियम एकच, भेट स्वतःच्या हातची हवी. मामांच्या वाट्याला आक्काच आल्या. मग काय, गडी शाल विणायला बसला! पण शाल एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला चिंचोळी. उसवली, विणली, परत उसवली. पाठवायचा दिवस उंबऱ्यात येऊन उभा राहिला आणि मामांचा धीर सुटला. हे असलं ध्यान आक्कांना पाठवायचं? एवढं शिकवून हेच का, असं नाही म्हणणार त्या? त्यांनी अर्धवट शाल कपाटात कोंबली, बाजारातून एक जांभळी शाल आणली, तिचं लेबल कापलं आणि सोबत चिठ्ठी लिहिली, 'माझ्या हातची आहे, गोड मानून घ्या.'

"खरंच की," बायको म्हणाली, "पिशवी धरली तो हात तुमचाच होता."

आक्कांनी शाल पांघरून फोटो टाकला. 'मामांची भेट. रंग किती सुंदर!' पाठोपाठ बाकीचे धावले. वा, काय रंग आहे! जांभळा किती खुलतो तुम्हाला! मामा असे हरभऱ्याच्या झाडावर चढले की विचारू नका. जेवताना बायकोला एकेक वाचून दाखवत होते. जनाची नाही, मनाची तरी!

मग एका दुपारी एक आजोबा दुकानात नवी फ्रेम घेऊन आले. जावयाने दिलेली, भारी कंपनीची आहे, यात माझ्या नंबरच्या काचा बसवा म्हणाले. मामांनी दांडी उघडली, मिटली, आणि त्यांना कळलं की माल नकली आहे. पण आजोबांचा चेहरा काय फुलला होता! कशाला हिरमोड करा? मामा म्हणाले, "रंग छान आहे, आजोबा."

बोलून गेले आणि त्यांना आपल्या जांभळ्या शालीखालचे शेरे आठवले.

आजोबांची पाठ वळताच त्यांनी ग्रुप उघडला. कुणाला मोजे आले होते, तिथे टाच कशी वळवली म्हणून झुंबड. कुणाला टोपी आली होती, तिथे सुई कितीची, टाके किती घातले, कडेला का ओढलंय, नुसता भडिमार. आणि त्यांच्या शालीखाली? रंग, रंग आणि रंग. एकानेही सुईचा नंबर विचारला नव्हता. मशीनचं काम साऱ्यांनी फोटोतच ओळखलं होतं आणि मामांची अब्रू झाकायला सगळे मूग गिळून बसले होते. मामांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मागच्या खोलीत जाऊन त्यांनी फोन लावला. "आक्का, ती शाल..."

"कळलं होतं मला. पाकिटातून काढली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत? चार शिव्या तरी घालायच्या."

"भेटीला कुणी नावं ठेवतं का?" आक्का म्हणाल्या. "राग नाही आला हो. पण मी तुमच्या वेड्यावाकड्या टाक्यांची वाट बघत होते, मामा."

नीट माफीसुद्धा न मागता मामांनी फोन ठेवला.

घरी येऊन त्यांनी कपाटातून ती अर्धवट शाल काढली. बायकोने पलंग मोकळा करून दिला. शाल पलंगावर पसरून त्यांनी तिचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आक्कांची शाल ही आहे. ती जांभळी विकतची होती. मला माफ करा.' फोन पालथा ठेवून ते भिंतीकडे तोंड करून बसले.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. आक्कांनी लिहिलं होतं, 'सुई कितीची?'

मामांनी चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.