चौथ्या केंद्राचा तक्ता

कंपनीतलं मोठं पद सोडून साहेब अंधांच्या संस्थेत नोकरीला गेले, तेव्हा सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "जावईबापूंचं डोकं ठिकाणावर आहे ना?" त्यांनी लेकीला विचारलं. तिला कारण ठाऊक होतं. एका वर्षात तीनदा साहेबांनी माणसांना समोर बसवून, पाण्याचा ग्लास पुढे सरकवून, नोकरी गेल्याचं सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेनंतर त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. "यापुढे कुणाला असलं सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये, बास," ते म्हणाले, आणि तिने मान डोलावली.

संस्थेत मोठेपणी दृष्टी गेलेल्यांना काठीच्या आधाराने चालायला, गॅस पेटवायला, शर्टाचं बटण लावायला शिकवत. केंद्रं चार. चौथं सगळ्यांत लहान: दवाखान्यामागची एक खोली, एक शिक्षिका आणि नऊ माणसं. त्यांत एक शिंपीकाका. डोळे गेल्यावर दोन वर्षं त्यांनी अंथरूण सोडलं नव्हतं. त्यांना घराच्या दारापर्यंत आणायलाच शिक्षिकेचे सहा महिने गेले. ज्या दिवशी काका एकटे रस्ता ओलांडून केंद्रात आले, त्या दिवशी घरी गेल्यावर साहेबांना रडू आलं. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

पण कंपनीत हाताला लागलेलं वळण सुटतंय थोडंच! विश्वस्तांच्या बैठकीसाठी, कुणी न सांगता, साहेबांनी एक तक्ता बनवला. कुठल्या केंद्रातून वर्षभरात किती माणसं शिकून बाहेर पडली, एकेकाला किती दिवस लागले. तीन केंद्रं हिरवी, चौथं लालभडक. त्यांना वाटलं, लाल रंग पाहून मंडळी तिथे आणखी एक शिक्षिका देतील. घ्या! अध्यक्षबाईंनी चष्मा चढवला, तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "इतकं स्पष्ट आजवर कुणी दाखवलंच नव्हतं हो. चौथं बंदच करू या."

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "अहो, तिथली माणसं जास्त खचलेली आहेत, म्हणून वेळ लागतो!"

"ते तक्त्यात कुठे आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

कुठेच नव्हतं. तो रकाना साहेबांनीच ठेवला नव्हता. केंद्रात जाऊन कळवायचं कामही ओघाने त्यांच्याच गळ्यात पडलं.

सोमवारी सकाळी नऊही जण हजर होते. "मला आधी एका शब्दाने तरी सांगायचं होतंत, साहेब," शिक्षिका दाराशीच म्हणाल्या आणि तोंड फिरवून खुर्च्या मांडू लागल्या. साहेब बोलले. हळू, शांतपणे, कुठेही न अडखळता. निर्णय का झाला, यात कुणाची चूक कशी नाही, पुढे काय सोय होईल, सगळं ओळीने. दुसरं केंद्र दोन बस बदलून होतं. काका तिथवर जाणार नाहीत, पुन्हा अंथरूण धरतील, हे शिक्षिकेला कळत होतं, काकांना कळत होतं आणि साहेबांनाही.

काकांनी काठी गुडघ्यांत धरली. "फार नीट सांगितलंत, साहेब," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "आवाज जरासुद्धा हलला नाही. याआधीही पुष्कळांना सांगितलेलं दिसतंय तुम्ही."

"हो," साहेब म्हणाले. खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.