तनूचा माफीचा गृहपाठ

मी जिवंत असतानाच आमच्या गावानं माझ्यासाठी एकदा रडून घेतलं आहे.

आमची नात तनू गावच्याच शाळेत तिसरीला. तिथं आता पाढ्यांबरोबर राग, भीती, दुःख हेही शिकवतात. (आमच्या वेळी हे तिन्ही गुरुजींच्या छडीतूनच यायचं. मी दुसरीतच शिक्षण पुरं केलं.) भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता आहे. ज्याला जसं वाटतं, त्या चेहऱ्याखाली त्यानं आपल्या नावाची चिठ्ठी लावायची. तनूची चिठ्ठी तीन दिवस घाबरलेल्या चेहऱ्याखाली! घरीही पोरगी अर्धीच भाकर खायची. मी तिला जवळ बसवलं.

"काहून गं? कुणी मारून राहिलं का तुला?"

"न्हाई आबा. मॅडमनं गृहपाठ दिला. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं कुणाची तरी माफी मागायची, अन् पुढच्यानं 'जाऊ द्या' म्हणायचं. ते बघून सोमवारी वर्गात उभं राहून सांगायचं. समद्यांचं झालं, माझंच राहिलं."

"मंग?"

"आपल्या घरात मोठे तर तुमीच!" अन् तिचा ओठ थरथरायला लागला.

सूनबाई तोंड फिरवून हसली. मला दिसलं. जन्मात मी कुणाची माफी मागितली नव्हती. कारण माझं कधी चुकलंच नव्हतं!

तरी नातीसाठी गोठ्यात गेलो आणि बैलाची माफी मागितली. सकाळी त्याला उगाच शिव्या दिल्या होत्या. बैलानं मान हलवली.

"झालं बग!"

"आबा, बैल 'जाऊ द्या' म्हणला न्हाई."

"मामंजी, माझी मागा की," सूनबाई आतून म्हणाली. "काल भाजीला आळणी म्हणलात."

"आळणीच व्हती!"

तनूनं ताट सरकवलं. त्या दिवशी शनिवार होता.

रविवारी सकाळी मला कढई आठवली. (विसरलो कधी होतो?) सात वर्षांपूर्वी हळद शिजवायला मी धाकट्या भावाची, धोंडबाची, कढई आणली. परत नेताना ती गाडीवरून घसरली आणि बुडाला तडा गेला. मी चारचौघांत सांगितलं, "तडा आधीचाच हाय." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तडा आधीचा नव्हता, हे फक्त मला आणि बैलाला माहीत.

अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, नारळ घेतला, तनूचं बोट धरलं. माझा हा थाट बघून पारावरची माणसं उठून उभी राहिली.

"कुणीकडं?"

"धोंडबाकडं."

"धोंडबाकडं?" निम्मा पार मागं चालायला लागला.

धोंडबा ओट्यावर चहा पीत होता. मी हात जोडले. "धोंडबा, कढई माझ्याच हातानं फुटली. चुकलं माझं. माफ कर बाबा."

आता आमच्याकडं म्हातारा माणूस असं बोलतो ते जाताना, एकदाच! हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

धोंडबाची कपबशी खाली पडली. "दादा! केलं रं माफ, समदं माफ! डॉक्टर काय म्हणला?"

"कोणता डॉक्टर?"

"लपवू नको!"

त्याच्या बायकोनं, पारूनं, हंबरडा फोडला आणि देवघरातली गंगाजलाची लोटी आणली. मी सांगायला तोंड उघडलं, तिनं पाणी ओतलं! मला ठसका लागला. लोक म्हणाले, "घरघर लागली!" धरून आडवं केलं. तासाभरात शिरड शहापूरची बहीण ऑटोतून उतरली ती रडतच. "दादाला शेवटचं बघू द्या गं!"

"मी बरा हाय!" मी ओरडलो.

"जाताना असंच वाटतं," शेजारचा म्हणाला.

एवढी माणसं रडताना बघून मलाच शंका आली. छातीत खरंच धडधडायला लागलं. धावत आलेल्या सूनबाईला म्हणालो, "कोठीची किल्ली उशीखाली हाय." त्यावर रडणं दुप्पट झालं.

शेवटी जवळा बाजारहून डॉक्टर आला. त्यानं तपासलं. "यांचा बीपी माझ्यापेक्षा चांगला आहे," म्हणाला.

रडणं थांबलं. काहींचा तर विरस झालेला दिसला.

"म्हंजे तू मरत न्हाईस?" धोंडबानं विचारलं.

"न्हाई."

"अन् कढई तूच फोडली?"

"...व्हय."

"सात वर्षं मला गावात खोटं पाडलं! माझी माफी वापस दे!"

तेवढ्यात खांबाआडून तनू हमसून रडायला लागली. "आता मी उद्या काय सांगू?"

मी उठून बसलो. मरणाऱ्यानं माफी मागणं सोपं आहे हो. मला मात्र उद्या याच ओट्यापुढून जायचं होतं. घसा कोरडा पडला. (एवढी गंगा पिऊनही!) "धोंडबा, गाडी मीच जोरात हाकली. तडा आधी न्हवता. मी खोटं बोललो."

धोंडबानं माझ्याकडं बघितलं, मग तनूकडं.

"जाऊ दे."

"'जाऊ द्या' म्हणा," तनू नाक पुसत म्हणाली. "आबा मोठे हायेत."

"जाऊ द्या, दादा. अन् चहा घ्या आता."

सोमवारी तनूची चिठ्ठी हसऱ्या चेहऱ्याखाली गेली. घरी येऊन दीड भाकर खाल्ली. मला वाटलं सुटलो, तर नवा गृहपाठ! घरातल्या मोठ्या माणसानं कुणाचं तरी कौतुक करायचं.

या वेळी मी हुशारी केली. आधीच बहिणीला फोन लावला. "अगं, आज मी सूनबाईच्या भाजीला चांगली म्हणणार हाय. कुणी कायबी कळवलं तरी निघू नको."

पलीकडून बारीक आवाज आला, "दादा, खरं सांग, त्या डॉक्टरनं नीट तपासलं व्हतं ना रं?"