पायऱ्या नसलेलं पाणी

काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी येत नाही, त्यामुळे आमचा कुठलाही प्रवास पायीच सुरू होतो. माघातल्या त्या सकाळी मी पुढे, माझी धाकटी बहीण कुसुम मागे, आणि आमच्या मधोमध एक सांड, तोही रस्ता आपलाच समजून. गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याने हाक मारली, "का तैराक अण्णा, समुंदर देखने? बहिनजी को सम्हालिएगा गुरू, पानी से डरती हैं."

शालीच्या आड कुसुम हसली. "ऐकलंस ना अण्णा? सम्हाल मला."

हा वृत्तान्त अंदमानातल्या एका बेटाचा आहे. पण तिच्या त्या हसण्याचा खुलासा न करता पुढे गेलो तर हेही खोटं होईल, आणि या गोष्टीत आधीच पुष्कळ खोटं आहे.

आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे की लहानपणी कुसुम गंगेत बुडत होती आणि मी उडी मारून तिला वाचवलं. 'तैराक' (पोहणारा) हे नाव मला तेव्हापासून चिकटलं. घडलं ते उलटं. माझी नुकतीच मुंज झाली होती. पाऊस सरला होता, पाणी अजून तांबूस होतं. बांधलेल्या नावेवरून मी ऐटीत उडी मारली आणि ओढीने नावेखाली गेलो. नावेचा दोर धरून चोरून पोहायला शिकलेली कुसुम खाली आली आणि तिने मला शेंडीला धरून बाहेर काढलं. पायऱ्यांवर दोघं ओले, लोक जमलेले. कोणीतरी म्हणालं, "शाबास, बहिणीला वाचवलंस!" मी गप्प राहिलो. वडिलांनी देवळात पेढे वाटले, आणि त्याच संध्याकाळी कुसुमचं पाणी बंद केलं. लग्न होऊन ती ब्रह्माघाटावर गेली, म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे. आयुष्यभर तिने पायरीवर बसून लोट्याने आंघोळ केली.

आता ती सत्तरीच्या पुढे आहे. एका डोळ्याची नजर गेली, दुसऱ्याची उतरते आहे. दिवाळीत सुनेच्या मोबाइलवर तिने समुद्राखालची पोवळी पाहिली आणि मला म्हणाली, "अण्णा, नजर आहे तोवर मला हे बघायचंय. आतून. पाण्यात तोंड घालून." डॉक्टरांनी मोठ्या काचेचा मुखवटा लावायच्या अटीवर परवानगी दिली. मी म्हणालो, मी नेतो. त्यावर तिने फक्त एवढंच म्हटलं, "मग राहायची जागा तूच निवड. एवढा मोठा तैराक आहेस."

महिनाभर मी मोबाइलवर खोल्या बघत होतो. पांढऱ्या गाद्या आणि निळे हौद असलेल्या जागा आमच्या पेन्शनीबाहेरच्या. उरलेल्यांत मला एक सापडली. फोटोत खोलीचं दार उघडलं की पुढे थेट समुद्र. भाडं बेताचं. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "हा तर घाटच आहे!" आणि पैसे भरून टाकले.

कोलकात्यापर्यंत रेल्वे, पुढे विमान, आणि मग शहीद द्वीपाकडे जाणारं जहाज. जुने लोक या बेटाला अजून नील म्हणतात. जहाजाच्या कठड्याशी उभा राहिलो. काशीत निळा रंग आम्हाला महादेवाच्या गळ्यापुरता माहीत. इथे तो क्षितिजापर्यंत पसरला होता, जहाज जसं किनाऱ्याकडे वळलं तसा हिरवा झाला, आणि धक्क्याजवळ तर इतका विरघळला की पाण्याखालची वाळू दिसू लागली. धक्क्याच्या खांबांभोवती चांदीच्या सुयांसारखे मासे एकदम वळत होते. कुसुमने चष्मा पुसला, परत लावला, परत पुसला.

"अण्णा, तळ दिसतोय रे."

गंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला तळ दिसणं म्हणजे काय, हे काठावरच्यांनाच कळेल.

खोलीवर पोहोचलो तेव्हा दुपार होती. मी मोठ्या थाटात दार उघडलं. पुढे समुद्र नव्हता. फोटोत जिथे पाणी होतं तिथे काळे खडक, चिखल, शेवाळ आणि लगबगीने पळणारे खेकडे. पाणी पार लांब, एका पांढऱ्या रेघेएवढं.

"पानी कहाँ गया?" मी व्यवस्थापकाला विचारलं.

"भाटा है अंकल," (भाटा म्हणजे ओहोटी) तो म्हणाला. "शाम को आ जाएगा. कहाँ जाएगा बेचारा!"

ही चूक आमच्याकडच्या माणसानेच करावी. गंगा चढते ती पावसाळ्यात, पायरी पायरीने, महिनाभर आधी निरोप देऊन. पाणी सकाळी एका जागी आणि दुपारी दुसऱ्या जागी असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, अंगात मुरलं नव्हतं. मी समुद्रावर खोली शोधली ती घाटावर शोधावी तशी. संध्याकाळी पाणी आलं खरं, अगदी कुंपणापर्यंत. पण लाटा खडकांवर आपटत होत्या, पाणी गढूळलं होतं, आणि तिथून आत जायला मनाई होती.

दुसऱ्या दिवशी ओहोटीत कुसुम माझं न ऐकता खडकांवरून पाण्याकडे निघाली. मेलेल्या पोवळ्यांची धार सुरीसारखी असते. तिच्या पायाचा तळवा कापला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पट्टी बांधून सांगितलं, जखम मिटेपर्यंत समुद्र नाही. दुसऱ्यांदा माझ्यामुळे तिचं पाणी बंद झालं. परतीचं तिकीट आठवड्याचं होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही. कुसुम मात्र व्यवस्थित जेवली आणि म्हणाली, "तुझी भाजी दे इकडे."

बाजारात शहाळी विकणाऱ्या बाईंशी तिचं जमलं ते या सक्तीच्या बसण्यातून. कुसुमला बंगाली चांगली येते. आमच्याकडे बंगालीटोल्यात तिच्या मैत्रिणी होत्या. बाईंचं नाव मिनती. इथली बरीच कुटुंबं बंगालमधून येऊन वसलेली.

"काशी थेके एसेछेन? ओ मा!" (काशीहून आलात? अगंबाई!) मिनतीदींनी कोयता खाली ठेवून कुसुमच्या पायांना हात लावला, पट्टीच्या पायाला जरा जपून. त्यांची एक मावशी म्हातारपणी काशीत राहिली आणि तिथेच गेली. त्यांच्याकडे सुपारीच्या बागेत पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, भाडं आमच्या खोलीच्या निम्मं. मी बघायला गेलो. स्वच्छ अंगण, विहीर, मच्छरदाणी. चारी बाजूंना फक्त झाडं.

"पण इथून पाणी दिसत नाही," मी म्हणालो.

मिनतीदींनी कमरेवर हात ठेवले. "दादा, पानी देखने का है, कि पानी में जाने का है?"

कुसुम इतकी हसली की तिला बसावं लागलं. आम्ही तिथे राहायला गेलो. पहिल्या खोलीचे पैसे बुडाले.

मागून कोणी जाणार असेल तर एवढं सांगतो. खोलीतून समुद्र दिसतो का हे विचारू नका. ओहोटीत पाणी कुठवर जातं ते विचारा. आत शिरायला वाळू आहे की खडक, पोवळी किनाऱ्यापासून किती लांब, आणि सोबत पाण्यात उतरणारं माणूस मिळेल का, हे विचारा. मिनतीदींच्या बागेतून पायवाटेने थोडं चाललं की भरतपूरचा किनारा लागतो. तळाशी वाळू, पाणी तळ्यासारखं शांत, आणि जरा आत गेलं की पोवळ्यांचं रान. जेवणाची चिंता आम्हा शाकाहाऱ्यांना होती. ती मोचार घोंटोने (केळफुलाची नारळ घातलेली भाजी) मिटवली. घासागणिक कुसुम "सरसूचं तेल कमी चालेल" म्हणायची आणि मिनतीदी घासागणिक वाढायच्या.

एका दुपारी अंगणात सुपाऱ्या वाळत होत्या आणि आम्ही दोघं खाटेवर बसलो होतो. तिची पट्टी बदलता बदलता मी जे इतकी वर्षं गिळलं होतं ते बोललो. "कुसुम, त्या दिवशी मी खरं बोलायला हवं होतं. तू तरी का नाही बोललीस?"

"बोलले की," ती म्हणाली. "त्याच रात्री आईला सांगितलं."

माझा हात थांबला. "आईला ठाऊक होतं?"

"हो. म्हणाली, मुलाचं हसं होईल गल्लीत, गप्प राहा. तू पोहलीस काय, न पोहलीस काय, काय फरक पडतो." तिने पाय जवळ ओढून घेतला. "तुझ्यावर राग होता, अण्णा, पण तू लहान होतास. आई लहान नव्हती. नीट गुंडाळ, सैल झालीय."

मी नीट गुंडाळली. मला वाटत आलं होतं की ते खोटं मी एकट्याने सांभाळलं.

परतीच्या आदल्या दिवशी नर्सबाईंनी पट्टी काढली आणि "जाइए माँजी" म्हणाल्या. सकाळची भरती होती. मिनतीदींचे दीर बिमलबाबू धरून तरंगायचं रबरी कडं घेऊन सोबत आले. त्यांनी आम्हाला जॅकेटं चढवली, डोळ्यांवर नाक झाकणारा काचेचा मुखवटा लावला, तोंडात नळी दिली. स्नॉर्केलिंग म्हणतात ते हेच. उताणं नाही, पालथं तरंगायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा.

मी तोंड पाण्यात घातलं, सवयीने नाकाने श्वास ओढला, काच चेहऱ्यावर घट्ट दाबली गेली आणि खारट पाणी घशात गेलं. हातपाय झाडले. जॅकेट होतं, कमरेएवढं खोल पाणी संपून नुकतंच गळ्याएवढं झालं होतं, पण भीतीला माप कळत नाही. तेवढ्यात हनुवटीखाली एक हात आला.

"हातपाय मारू नकोस. पड नुसता," कुसुम म्हणाली. मी पडलो. श्वास आला. "आता तर धरायला शेंडीही राहिली नाही तुझी," ती म्हणाली, आणि नळी तोंडात घालून पुढे निघाली, बिमलबाबूंचं कडं सोडून.

मग मी खाली पाहिलं.

कसं सांगू? हरणांच्या शिंगांची झाडं, माणसाच्या मेंदूसारखे घडीदार गोळे, गोबीचे हिरवे गड्डे, सगळं जिवंत, सगळ्यावर उन्हाच्या जाळ्या हलत होत्या. आमच्या विणकरांच्या मागावर जरीचा बुट्टा उमटताना मी पाहिला आहे. इथे तसे बुट्टे पोहत होते, हळदीचे, शेंदराचे, मोरपिशी, आणि त्यांना कापडाची गरज नव्हती. एका शिंपल्याने निळे मखमली ओठ आमची सावली पडताच मिटले. पोपटासारखी चोच असलेला मासा पोवळं कुरतडत होता आणि त्याची कुरकुर मला स्पष्ट ऐकू येत होती. मंत्रपठणात वाढलो, पण इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी हात जोडले असते, पण तसं केलं असतं तर उलटलो असतो.

कुसुमने माझा दंड धरून वर ओढलं. मुखवटा कपाळावर, डोळे लाल. "अण्णा, पाण्याखाली सगळं मोठं दिसतंय! मोठं आणि जवळ! मला दिसतंय रे. खवले दिसताहेत." काचेतून पाण्यात तसं दिसतं, असं बिमलबाबूंनी सांगितलं. सगळ्यांनाच दिसतं. पण मला त्या घडीला वाटलं की ही सोय तिच्या उरलेल्या नजरेसाठीच केलेली आहे. ती परत खाली गेली. तिच्या बोटात मंगळासाठी ज्योतिषाने दिलेली पोवळ्याची अंगठी होती. ती बोट लांब करून जिवंत पोवळ्यांना अंगठी दाखवत होती, माहेरच्या माणसांना दाखवावी तशी. स्पर्श मात्र केला नाही.

काशीला परतलो तेव्हा शिवरात्र जवळ आली होती. पानवाल्याने विचारलं, "बहिनजी को सम्हाला न?" मी थांबून त्याला सगळं सांगितलं, नाव, ओढ, शेंडी. त्याने पान पुढे केलं. "अण्णा, आप तो बड़प्पन दिखा रहे हैं." शेजारच्या वैद्यांना सांगितलं तर म्हणाले, म्हातारपणी विनय वाढतो. एकाने तर हे ऐकून माझं आणखी कौतुक केलं. खोटं एका गप्प बसण्यात उभं राहिलं होतं, आणि बोलून बोलून पडत नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे. गल्लीत वाचून दाखवावं.

परवा सकाळी कुसुम घाटावर आली. सूर्य पलीकडच्या वाळूवरून नुकता वर आला होता, पाणी संथ होतं. तिने लोटा पायरीवर उपडा ठेवला, पदर खोचला, चष्मा काढून पायरीवर बसलेल्या माझ्याकडे दिला आणि एक-एक पायरी उतरत गेली. पायऱ्या संपल्या तरी ती थांबली नाही.

घाटावर एकच ओरडा झाला. "अण्णा! बहिनजी बह रही हैं! कूदिए, कूदिए!" दोघंतिघं माझ्या खांद्याला धरून हलवत होते.

नावांच्या पलीकडे तिचं पांढरं डोकं सावकाश, सरळ चाललं होतं. मी जागचा हललो नाही. तिचा चष्मा माझ्या मांडीवर होता, आणि तो कोरडा ठेवायचा, एवढंच काम तिने मला दिलं होतं.