काचेवरचा अंगठा

चाकणच्या एका कंपनीत मी एका माणसाला मिशी काढायला लावली. विनाकारण. पाच वर्षं हे कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. एरवीही मी घरात फारसं बोलत नाही, त्यामुळे तिला संशय आला नाही.

माझं काम साधं आहे. व्हिसा मागणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचे आणि फोटो काढायचा. डाव्या हाताची चार बोटं, उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. हसू नका, समोर बघा. मेहुण्याच्या लग्नात सगळ्यांचा फोटो काढतानाही माझ्या तोंडून "हसू नका" निघून गेलं होतं, आणि सासरे खरंच गंभीर झाले होते.

एखाद्या कंपनीची बरीच माणसं एकदम परदेशी ट्रेनिंगला निघाली, की आम्ही पेटीत यंत्रं भरून तिथंच जातो. त्या दिवशी निगडीहून गाडी काढली आणि कंपनीच्या ट्रेनिंग रूममध्ये टेबल मांडलं. बारा फिटर होते, जर्मनीला जाणारे. वर्षानुवर्षं मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये हात घालून बोटं इतकी गुळगुळीत झालेली, की स्कॅनरला हे हात आहेत हेच पटेना. त्यावर आमच्या कामात एक उपाय आहे. बोटं कपाळावर घासायची. थोडं तेल लागलं की रेषा उठतात. मग मी त्यांची बोटं माझ्या हातानं काचेवर दाबून धरायचो. दुपारपर्यंत बारा जण रांगेनं कपाळ चोळत बसलेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कंपनी बुडाली.

सातवा मिशीवाला. जवळच्याच गावचा, पन्नाशीकडे झुकलेला. मिशी अशी, की हेल्मेट घातल्यावर टोकं बाहेर यायची. ठसे उमटले, पण फोटोला कॉम्प्युटर लाल खूण दाखवायला लागला. चेहरा अस्पष्ट. तीन वेळा.

"राव, लवकर उरका," सुपरवायझर म्हणाला. "संध्याकाळी यादी जाणार. ह्यांचं आज झालं नाही तर बदली माणूस तयार आहे."

"न्हाई न्हाई साहेब," मिशीवाला घाबरला. "समद्या गावाला सांगून बसलोय. जावयानं बॅग बी आणून दिलीया."

यंत्र का अडतंय ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. "मिशीमुळे ओठ झाकला जातोय," मी म्हणालो.

त्यानं मिशीचं टोक धरलं.

"आज्जापासून हाय ही आमच्यात," तो हळूच म्हणाला.

"भावा, आज्जा जर्मनीला गेला नव्हता," मागून कुणीतरी म्हणालं.

तो उठला आणि गेटबाहेरच्या सलूनकडे गेला.

पुढचा आला, गुळगुळीत दाढी केलेला. त्यालाही लाल खूण. तेव्हा मी कॅमेऱ्याकडे नीट पाहिलं. भिंगाच्या काचेवर माझाच अंगठा उमटलेला. सकाळपासून सात कपाळांचं तेल माझ्या हातांना लागलं होतं, आणि त्याच हातांनी मी कॅमेरा सरळ करत होतो. दिवसभरात घेतलेल्या ठशांत इतका सुबक एकही नव्हता.

सलून दोन मिनिटांवर होतं. मिशीवाल्याचा मोबाइल नंबर समोरच्या फॉर्मवर होता. मी रुमाल काढला आणि काच पुसली. बस, एवढंच केलं.

तो परत आला. वरच्या ओठानं कधी ऊन पाहिलं नव्हतं, तेवढी पट्टी पांढरीफटक. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. फोटो पहिल्या झटक्यात निघाला.

"बघा! मिशीच नडत व्हती!" म्हणत त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरून आभार मानले.

गेल्या महिन्यात त्याच कंपनीत पुन्हा गेलो. तो आता नवी तुकडी घेऊन आला होता. मिशी नव्हती. मागे त्याच्याच गावचे तीन फिटर, तिघांचेही वरचे ओठ पांढरे.

"साहेब, मागच्या येळंला तुमचा टाइम गेला. म्हणून सकाळीच समद्यांना सलूनमधनं आणलंय. हा ऐकत नव्हता, त्याच्या बायकोला फोन लावला, मग बसला खुर्चीत."

एक मिशी मी पाच वर्षं पोटात ठेवली होती. चार मावेनात. त्याला चहाच्या मशीनपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. काच, अंगठा, आणि तो सलूनमध्ये असतानाच मला कळलं होतं, तेही.

त्याचा हात नाकाखाली गेला आणि नसलेल्या मिशीला पीळ देऊन खाली आला.

"परत वाढवायला दीड वरीस गेलं."

"हो."

"आन आज सकाळी परत काढली."

"हो."

त्यानं वळून पाहिलं. तिघं शहाण्यासारखे कपाळ चोळत बसले होते. तो माझ्या कानाशी आला. "ह्यांना सांगू नका. मला गावात ऱ्हायाचंय."

मी मान हलवली. तिघंही सध्या जर्मनीत आहेत, म्हणून हे लिहायचं धाडस.

आत येऊन मी रुमालानं भिंग पुसलं, दोनदा.

"हे कशाला पुसताय?" तिघांतल्या एकानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "नवा नियम हाय. तू कपाळ चोळ."