आधी तिचं सांग, मग तुझं

ताईंच्या शिलाईच्या दुकानात शिरलं की आपलं म्हणणं दोनदा ऐकावं लागतं. एकदा स्वतःच्या तोंडून, एकदा ताईंच्या. "म्हणजे बाही मनगटापर्यंत हवी, पण हात वर केला तर चढायला नको. बरोबर?" गिऱ्हाईक 'अगदी बरोबर' म्हणेपर्यंत ताई कात्रीला हात लावत नाहीत. आणि ते तसं म्हणालं की मग मान तिरकी करून सांगतात, "पण ही बाही तुम्हांला शोभणार नाही."

या 'पण'पायी अख्खी गल्ली त्यांना पणताई म्हणते. यजमान तर सगळ्यांना सांगत फिरतात, "हिनं मला पसंत केलं तेव्हा आधी तासभर माझे दोष मलाच समजावले. मी 'बरोबर' म्हणालो, तेव्हा कुठे हो म्हणाली."

ही खोड जन्मजात नव्हे, कमावलेली. धंदा नवा असताना एका बँडवाल्यानं ऐटदार कोट शिवायला टाकला. ताईंनी असा चापूनचोपून शिवला की आरशासमोर तो राजा दिसला आणि कर्णा फुंकायला गेला तेव्हा त्याला श्वासच घेता येईना. तो त्याच्या मनातली ऐट सांगत होता, ताई आपल्या मनातली शिवत होत्या. त्या दिवसापासून नियम झाला: आधी समोरच्याचं त्याला पटेल असं सांगायचं, मग वाटेल तितकं भांडायचं.

हा नियम गिऱ्हाइकांना ठीक होता. घरच्यांवर चालवायची वेळ आली तेव्हा मात्र ताई अडखळल्या.

दुकानासमोरच्या फुटपाथवर अकरा भाजीवाल्या बसतात. अगदी दारासमोरची ताईंची धाकटी बहीण. गल्लीच्या टोकाला शाळा. तिथे ताईंची नात तिसरीत आहे आणि नातीची आई, म्हणजे ताईंची लेक, पालक संघाची प्रमुख. एका सकाळी फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही म्हणून नात रस्त्यावर उतरली. स्कूटरचा धक्का लागला आणि हात प्लास्टरमध्ये गेला. लेकीनं आठवड्यात दीडशे सह्या जमवून नगरपालिकेत अर्ज टाकला. उत्तर आलं : सोमवारी फुटपाथवरची सगळी दुकानं उचलणार.

जिनं या लेकीला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच मावशीची टोपली आता उचलली जाणार होती. दोघींची बोलणी बंद. "तुझ्या लेकीला सांग, पोट सगळ्यांना असतं." "तुझ्या बहिणीला सांग, हाडंही सगळ्यांना असतात." निरोप पोचवून पोचवून ताईंच्या जिभेला घट्टे पडायची वेळ आली. कुणाची बाजू घ्यावी? नातीचा हात एकीकडे, बहिणीची चूल दुसरीकडे.

शनिवारी दुपारी ताईंनी दोघींना दुकानात बोलावलं. दोघीही दोन-दोन माणसं घेऊन आल्या, एकटीनं हरायला नको म्हणून. ताईंनी मशीन बंद केलं.

"इथे माझी पद्धत. आधी तिचं सांग. ती 'बरोबर' म्हणाली की मग तुझं."

लेक फणकारली. "तिचं काय सांगायचं? तिला दिवसभर फुटपाथ अडवून बसायचंय."

"चूक!" मावशी उसळली. "दिवसभर माशा मारत असते मी. निम्मी भाजी सकाळच्या अर्ध्या तासात जाते, शाळा भरताना. घेतं कोण? तुम्हीच! आणि तेही स्कूटरवर बसल्या बसल्या. 'मावशी, पालक द्या, गाडी चालूच आहे!'"

लेकीबरोबर आलेल्या एका बापानं हातातली पिशवी हळूच पाठीमागे घेतली. पालकाची पानं तरी बाहेर डोकावलीच.

लेक थोडी नरमली. "म्हणजे नेमकं शाळेच्या वेळेलाच तुला बसायला हवं. गिऱ्हाईक आम्हीच. आणि वाट अडवणाऱ्या गाड्याही आमच्याच."

"आता बरोबर."

मग मावशीची पाळी. "हिला वाटतं आम्ही घाण करतो. शाळेसमोर शोभत नाही."

"चूक. शोभेचं कुणाला पडलंय?" लेकीचा आवाज बारीक झाला. "माझी पोर त्या वळणावर आली की पाय रोवून उभी राहते. आठ वर्षांची घोडी, पण माझा हात सोडत नाही. रोज."

मावशीनं लेकीकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू बोलत कुठे होतीस?"

"तू सह्या गोळा करण्यात गुंतलेली. मधे काय, मीही एक सही करायची?"

सगळे हसले. हसता हसता मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "पोर घाबरलीय. हिला दोन माणसं जातील एवढी वाट हवी. आम्ही राहिलो काय, गेलो काय."

"राहिलात तर बरं, असं म्हण," लेक म्हणाली. "मग बरोबर."

ताई टेप घेऊन बाहेर आल्या. फुटपाथ सात फूट. टोपल्यांना तीन. उरलेली जागा रिकाम्या क्रेट्सनी खाल्लेली. ती न्यायला टेंपो बारा वाजता येतो, तोवर ती तिथेच.

"मग बारापर्यंत तुझ्या ट्रायल रूममध्ये ठेवू," मावशी सहज म्हणाली.

"पण गिऱ्हाईक कपडे कुठे..."

"ताई! आधी आमचं सांग."

पणताई पहिल्यांदाच स्वतःच्या कात्रीत सापडल्या. त्यांनी मुकाट्यानं भाजीवाल्यांचं म्हणणं सांगितलं, 'बरोबर' मिळवलं आणि मग लक्षात आलं की आपल्याला म्हणायला काही उरलंच नाही. ट्रायल आता दुपारनंतर. पालकांनी गाड्या कोपऱ्यावरच थांबवायच्या, दोन पालकांनी पाळीपाळीनं तिथे उभं राहायचं. एक भाजीवाली टोपली मागे सरकवायला तयार नव्हती, ती रुसून गेली. लेकीलाही सगळं पटलं नव्हतं.

"पंधरा दिवस बघू," ताई म्हणाल्या. "आम्ही आधी कच्ची शिलाई घालतो. अंगाला बसलं नाही तर उसवायला सोपं जातं."

सोमवारी नगरपालिकेचा ट्रक आला. साहेबांनी अर्ज उघडला. "तक्रार कुणाची?"

"माझी," लेक पुढे झाली. "पण यांची निम्मी विक्री आमच्यावरच चालते. वाट अडते ती आमच्या गाड्यांनी आणि क्रेट्सनी."

"तुम्ही?" साहेबांनी मावशीकडे पाहिलं.

"मी भाजीवाली. पोरं घाबरतात, साहेब. त्यांना वाट पाहिजेच. ती मिळाली नाही तर खुशाल उचला आम्हांला."

साहेबांनी अर्ज उलटापालटा करून पाहिला. "यात भांडतंय कोण?"

"आम्हीच!" दोघी एकदम म्हणाल्या.

ताईंनी पंधरा दिवसांचं ठरलेलं सांगितलं. साहेब टेप धरून गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि अर्जावर पंधरा दिवसांची मुदत लिहून ट्रक रिकामाच परत नेला.

मंगळवारी सकाळी नात आईबरोबर आली. वळणावर थबकली. मावशीनं तिला हाक मारली नाही, लाडानं बोलावलं नाही, नुसती वांग्यांची टोपली भिंतीकडे सरकवली. पोरीनं मोकळी वाट पाहिली, प्लास्टरचा हात पोटाशी धरला, दुसऱ्या हातानं आईचं बोट सोडलं आणि एकटी चालायला लागली. शाळेच्या फाटकापर्यंत मागे वळूनही पाहिलं नाही.

लेक डोळे बारीक करून वाटेकडे पाहत राहिली. मग थेट मावशीला म्हणाली, "अजून एक वीत हवी."

"वीतभर? डोक्यावर घेऊन बसू का टोमॅटो? चार बोटं देते."

"सहा!"

"तुझी का माझी बोटं?"

दुकानात, क्रेट्सच्या ढिगाशेजारी उभ्या राहून ताई ऐकत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांना निरोप पोचवावा लागत नव्हता.